रविवारचे नृत्य आणि मध्यरात्रीचा प्याला

मुंबईत २०२० साली दुकाने, उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्यास परवानगी मिळाली, तेव्हा मद्यविक्रीला ती मुभा नव्हती. तरीही ‘लंडनमध्ये चालते, मग येथे का नको?’ असा प्रश्न अधूनमधून विचारला जातोच. दाखला द्यायचाच, तर तो पूर्ण द्यावा.

इंग्लंडमध्ये १७८०च्या कायद्यान्वये रविवारी प्रवेशमूल्य घेऊन सार्वजनिक करमणूक करण्यास मनाई होती. चित्रपटांना १९३२मध्ये, नाटकांना १९७२मध्ये मोकळीक मिळाली. नृत्याला मात्र २००० सालच्या आदेशाची वाट पाहावी लागली. शनिवारी रात्री निर्दोष असलेले नृत्य बाराचे ठोके पडताच बेकायदेशीर ठरावे, यात कोणती नीतिमत्ता होती? हा निर्बंध गेला, हे योग्यच झाले. कीर्तनात देहभान विसरून नाचणाऱ्या वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला तरी नृत्याचे वावडे असू नये.

मद्याची गोष्ट वेगळी. तेथील वेळेचे बंधन कडक झाले ते धर्मपीठाच्या आज्ञेने नव्हे, तर पहिल्या महायुद्धात, दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून. पुढे ब्लेअर सरकारने २००३मध्ये नवा कायदा केला आणि २४ नोव्हेंबर २००५पासून चोवीस तास विक्रीचा परवाना मिळणे शक्य झाले. अकरा वाजता सारे मद्यपी एकदम रस्त्यावर येतात, वेळा विभागल्या की गोंधळ ओसरेल, असा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता. गृहखात्याच्या २००८च्या मूल्यमापनात गुन्ह्यांची एकूण संख्या वाढलेली दिसली नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु उत्तररात्री घडणाऱ्या हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण वाढले होते. पूर्वी त्या वेळी निजलेल्या वस्तीने, पोलिसाने, रुग्णालयातील परिचारिकेने या स्वातंत्र्याची किंमत का मोजावी? अखेर मध्यरात्रीनंतर मद्य विकणाऱ्यांकडून पोलीस बंदोबस्तासाठी वेगळा आकार घेण्याचा अधिकार २०११च्या कायद्याने स्थानिक संस्थांना द्यावा लागला.

आणखी एक बाब लंडनचे दाखले देणाऱ्यांच्या नजरेतून सुटते. इंग्लंडच्या कायद्यात परवाना देताना पाहावयाची चार उद्दिष्टे आहेत; सार्वजनिक आरोग्य त्यांत नाही. त्याच बेटावरील स्कॉटलंडने २००५च्या आपल्या कायद्यात ते पाचवे उद्दिष्ट म्हणून घातले. तेथे दुकानातून घरी नेण्यासाठी मद्य सकाळी दहापूर्वी मिळत नाही, रात्री दहानंतरही नाही.