चंद्रावर उतरायचे, तर गाडीचे काम आजच हवे

भारताने २०४० पर्यंत आपला अंतराळवीर चंद्रावर उतरवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यावरची चर्चा मात्र रॉकेट आणि लँडरपाशीच थांबते. उतरल्यावर माणूस फिरणार कशाने, हा प्रश्न मागाहून सोडवू म्हणून चालणार नाही. मोहिमेच्या हाती काय लागते, हे बऱ्याच अंशी गाडीवरच ठरते. म्हणून माणसे नेणाऱ्या चांद्रगाडीचे काम भारताने आत्ताच हाती घ्यायला हवे.

अपोलो मोहिमांचा अनुभव हेच सांगतो. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल हातगाडी ओढत कोन विवराच्या दिशेने चढले. ओळखीची खूण नसलेल्या चढावर अंतराचा अंदाज येईना, दम लागला, वेळ संपत आला आणि विवराची कडा न गाठताच ते माघारी फिरले. कडा तिथून अगदी जवळ होती, हे नंतर कळले. त्याच वर्षी जुलैत अपोलो १५ बरोबर विजेवर चालणारी गाडी गेली. वजन सुमारे २१० किलो, चाके पोलादी तारांच्या जाळीची. पुढे डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या दोघांनी या गाडीतून तीन दिवसांत सुमारे ३६ किलोमीटर अंतर कापले. अपोलो १४ ने सुमारे ४२ किलो नमुने आणले होते, अपोलो १७ ने ११०. या मोहिमेचा मुक्काम अधिक लांब होता, हे खरे. पण पायी हिंडणाऱ्यांचा वाढीव वेळही यानाच्या आसपासच गेला असता.

तरीही त्या गाडीला एक अदृश्य दावे होते. ती बंद पडली, तर पोशाखातल्या प्राणवायूवर यानापर्यंत चालत परतता आले पाहिजे, असा दंडक होता. त्यामुळे अपोलो १७ चे अंतराळवीरही यानापासून साडेसात किलोमीटरच्या फारसे पलीकडे गेले नाहीत. यावर उपाय म्हणजे आत हवेचा दाब राखणारी बंदिस्त गाडी. जपानची अंतराळ संस्था जाक्सा आणि टोयोटा तशीच गाडी विकसित करत आहेत: दोन माणसे तीस दिवसांपर्यंत तिच्यात राहतील आणि ती सुमारे दहा वर्षे चालेल, अशी अपेक्षा आहे. एप्रिल २०२४ च्या करारानुसार ही गाडी देण्याच्या बदल्यात अमेरिका दोन जपानी अंतराळवीरांना चंद्रावर उतरण्याची संधी देणार आहे.

यंत्रमानव असताना माणसांच्या गाडीवर खर्च कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. सोव्हिएत संघाच्या लुनोखोद २ ने १९७३ मध्ये पृथ्वीवरून मिळणाऱ्या आज्ञांवर सुमारे ३९ किलोमीटर प्रवास केला. पण त्याला महिने लागले आणि नमुने परत आले नाहीत. अपोलो १७ मधले भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांच्या नजरेस नारिंगी माती पडली आणि तिथेच खणून नमुने घेता आले. शिवाय यात एकाचीच निवड करण्याची गरज नाही. माणसे नसताना दुरून चालवता येईल, अशाच गाड्या नासाला हव्या आहेत.

दुसरा आक्षेप क्रमाचा: आधी गगनयान, मग अंतराळ स्थानक, गाडी नंतर. पण चाके, धूळ रोखणारी बंदिस्ती आणि चौदा दिवसांच्या रात्रीत तग धरणारी विद्युतव्यवस्था यांना वर्षानुवर्षांच्या चाचण्या लागतात. २०२३ मध्ये भारताचा २६ किलोचा प्रज्ञान रोव्हर चंद्रावर सुमारे शंभर मीटर चालला आणि चांद्ररात्रीनंतर जागा झाला नाही. अर्थात, त्या मोहिमेची आखणीच एका चांद्रदिवसाची होती. जपानबरोबरच्या चांद्रयान-५ मध्ये लँडर आपला असेल, रोव्हर जपानचा. ही विभागणी आज योग्य असली, तरी फिरण्याची विद्या कायम दुसऱ्याकडे राहू नये. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्था आणि खासगी वाहन उत्पादक यांना इस्रोने आतापासून सोबत घ्यावे. अपोलोची गाडी बांधतानाही बोइंगला जनरल मोटर्सची साथ होतीच. पूर्ण गाडीचा खर्च लगेच करण्याची गरज नाही. चाके आणि रात्रीची ऊर्जा या दोन भागांपासून सुरुवात झाली, तरी २०४० मध्ये भारताकडे सौद्यात मांडण्याजोगे स्वतःचे काहीतरी असेल.