फॅटी लिव्हरच्या रिपोर्टमध्ये न दिसणारा धोका: यकृतावरचे वण वेळेत का कळत नाहीत?

पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी होते, रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर ग्रेड 1' असं येतं आणि तो कागद फाईलमध्ये जातो. धाराशिवसारख्या जिल्ह्यात अडचण इथूनच सुरू होते. चरबी आहे एवढंच त्या कागदावरून कळतं. वण किती पडलेत, ते कळत नाही.

फायब्रोसिस म्हणजे काय?

दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, लठ्ठपणा, मधुमेह यांमुळे यकृताला दीर्घकाळ इजा होत राहते. ती भरून येताना वण साचतात. हाच फायब्रोसिस आणि त्याची शेवटची पायरी म्हणजे सिरॉसिस. तोवर बहुतेकदा काही त्रास जाणवत नाही. पोटात पाणी होणं, कावीळ, रक्ताची उलटी ही लक्षणं खूप उशिरा दिसतात.

निदान अवघड का?

एसजीपीटी नॉर्मल असतानाही वण असू शकतात. सुरुवातीचे वण साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. बायोप्सीसाठी सुईने यकृताचा तुकडा काढावा लागतो. फायब्रोस्कॅन सुई न टोचता यकृताचा कडकपणा मोजतो, पण ते यंत्र तालुक्या-तालुक्यात नसतं. धाराशिवमध्ये 2022 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी भूम-परंड्याच्या मजुराला तपासणीसाठी सोलापूर किंवा पुणं गाठायचं तर दिवसाची मजुरी बुडते.

मग कुणाला पाठवायचं?

त्यासाठी 'फिब-4' हा हिशेब आहे. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. समजा वय 55, एसजीओटी 60, एसजीपीटी 49 आणि प्लेटलेट दीड लाख, तर उत्तर 3.14 येतं. 1.3 पेक्षा कमी असेल तर धोका कमी. 2.67 च्या वर असेल तर पुढची तपासणी लवकर हवी. मात्र ही फक्त चाळणी आहे, निदान नाही. पस्तिशीच्या आत आणि पासष्टीनंतर ती तितकी भरवशाची नसते.

उपचार आहेत का?

आधी मूळ कारण थांबवावं लागतं. हिपॅटायटिस सी औषधांनी बरा होतो आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत. फॅटी लिव्हरमध्ये वजन 10 टक्क्यांनी घटलं तर वणही कमी होऊ शकतात. अमेरिकेत 2024 मध्ये रेसमेटिरॉम या औषधाला मंजुरी मिळाली, पण सिरॉसिस झालेल्यांसाठी नाही. यकृत निकामी होऊ लागलं तर प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

केंद्राने 2021 मध्येच फॅटी लिव्हरचा असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात समावेश केला. गावातल्या रक्ताच्या रिपोर्टवर फिब-4 चा आकडा छापून आला, तर मोठ्या दवाखान्याची वाट कुणी आधी धरायची, हे तिथेच ठरू शकेल.