रंगकामाआधी काय अंथराल?

ईद जवळ आली की घराला रंग काढायचा बेत ठरतो आणि रंगारी रद्दी मागतो. उर्दू वर्तमानपत्र किंवा आपलं हे मासिक देऊ नका. त्यात आयत, अल्लाहचं नाव असतं, आणि त्यावर पाय पडतात. शिवाय भिजलेल्या कागदाची शाई फरशीला लागते. जुनी जाड चादर बरी. पातळ रंग कापडातून झिरपतो, म्हणून खाली प्लास्टिक घाला, कडा चिकटपट्टीने दाबा. नुसतं प्लास्टिक घसरतं. घरात दादी-नानी असतील तर नकोच. कुरआन शरीफ, जानमाज आधीच दुसऱ्या खोलीत न्या. सोफा मधोमध ओढून पूर्ण झाका, कारण भिंत घासतानाची पांढरी धूळ थेंबांपेक्षा जास्त छळते. थेंब ओला असतानाच पुसा. वाळला की खरवडावा लागतो, फरशीवर चरे पडतात.