‘या वयात?’ असे विचारणाऱ्यांना

साठी उलटलेल्या माणसाने तीर्थयात्रेला जावे, नातवंडांना शाळेत पोहोचवावे, फार तर अंगणात चार रोपे लावावीत. एवढे आपल्या समाजाने त्याच्यासाठी ठरवून ठेवले आहे. त्याने दोनच माणसे बसतील अशी, जमिनीलगत धावणारी, छप्पर मागे सारता येणारी नवीकोरी स्पोर्ट्‌स कार दारात आणून उभी केली, की शेजारीपाजारी भुवया उंचावतात आणि घरातली माणसे मान खाली घालतात. ‘म्हातारचळ’ हा शब्द आपल्या भाषेत अशा प्रसंगासाठी तयारच आहे. ‘या वयात?’ हे दोन शब्द उच्चारले की वाद संपला, असे मानणाऱ्यांशी आम्हाला येथे वाद घालायचा आहे. आमचे म्हणणे असे की, ऐपत, डोळे आणि विवेक शाबूत असतील तर उतारवयात अशी गाडी घेणे हा दोष नाही. आणि या तिन्हींपैकी एक जरी शाबूत नसेल, तर कोणत्याही वयात तो दोषच आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. आज जे पासष्ट ते पंचाहत्तरच्या घरात आहेत, त्यांचे तारुण्य रांगेत गेले. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मोटार म्हणजे अ‍ॅम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी. मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी. आणि ती छोटी गाडीही मध्यमवर्गाला त्या काळी राजरथासारखी वाटली. मोटार उद्योगाची परवाना पद्धत उठली १९९३ मध्ये, आणि परदेशी मोटारींच्या आयातीवरील संख्येचे बंधन गेले २००१ मध्ये. दरम्यान १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझ्दा कंपनीने एमएक्स-५ ही हलकी, दोन आसनी, उघड्या छपराची गाडी मांडली होती. सामान्य पगारदाराला परवडावी असा तिचा बेत होता, आणि तो फळला. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. पण त्या वर्षी तिशीत असलेल्या आपल्या माणसाने ती पाहिली असेल तर परदेशी मासिकाच्या पानावर. ज्याला जे हवे होते ते मिळण्याची सोयच नव्हती, त्याने ते चाळीस वर्षांनी घेतले, तर त्याला ‘उशिरा’ म्हणा. ‘अवेळी’ म्हणू नका. या दोन शब्दांत फार मोठे अंतर आहे.

दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची आहे. दोन आसनी गाडी ही स्वभावतःच कुटुंबाची गाडी नव्हे. मागे आसन नाही, म्हणजे मुले नेता येत नाहीत. सामानाची जागा एका बॅगेपुरती. तेव्हा ती घ्यायची तर मुले होण्यापूर्वी किंवा मुले मोठी होऊन पांगल्यानंतर. मुले होण्यापूर्वी माणसाजवळ पैसा नसतो. मधली तीस वर्षे घराचे कर्ज, शाळेची फी, आजारपणे आणि लग्ने यांत जातात. युरोप-अमेरिकेत अशा गाड्यांच्या चाकामागे पिकलेली डोकी एवढी दिसतात, त्याचे कारण हेच आहे. त्यात चळ कसला? तो आयुष्याच्या हिशेबातला शेवटचा रकाना आहे.

‘शोभत नाही’ हा पहिला आक्षेप. आम्ही विचारतो, शोभते काय? दोन टनांची, उंच, सात आसनी एसयूव्ही घेऊन तीत एकट्यानेच फिरणारा गृहस्थ आपल्याला शोभून दिसतो. लग्नाच्या मांडवावर एका संध्याकाळी उधळलेले लाखो रुपये शोभून दिसतात. दोघेच राहत असलेल्या घराचा तिसरा मजला शोभून दिसतो. मात्र एक टनाच्या आसपास वजनाची, कमी जागा व्यापणारी छोटी गाडी माणसाने केवळ चालवण्याच्या आनंदासाठी घेतली, की ती चैन ठरते! खरे दुखणे पैशाचे नाहीच. म्हाताऱ्या माणसाने उघडपणे आनंद घेतला, हे दुखणे आहे. तो आनंद एखाद्या आजीने घेतला तर हे दुखणे दुप्पट होते. अमेरिकन नट पॉल न्यूमन १९९५ साली, वयाच्या ७० व्या वर्षी, डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटातील विजयी चमूचा चालक होता. त्याला कोणी शोभेचे विचारले नाही. हात, डोळे आणि डोके काम देतात का, एवढेच पाहिले गेले. आपणही तेवढेच पाहावे.

दुसरा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो, आणि तो घरातून येतो: “बाबा, एवढे पैसे गाडीत घालण्यापेक्षा…” पुढचे वाक्य पुरे होत नाही, कारण पुरे केले तर ते वारशाविषयीचे ठरते. येथे कायदा समजून घेतला पाहिजे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात जन्मतःच बापाच्या मालमत्तेत मुलाचा हिस्सा ठरत नाही. स्वकष्टाच्या पैशाचे काय करायचे हे हयातीत आणि मृत्युपत्रानेही ज्याचे त्याने ठरवायचे. गोव्यात निराळी व्यवस्था आहे. तेथे मृत्युपत्र करताना निम्मा वाटा वारसांसाठी राखावा लागतो, आणि पतिपत्नीची मिळकत सामान्यतः दोघांच्या समान मालकीची असते. म्हणून गोव्यातल्या नवऱ्याला गाडी घेण्यापूर्वी बायकोला विचारणे केवळ सौजन्याचे नाही, न्यायाचेही आहे. आणि हा न्याय वसईच्या नवऱ्यानेही पाळावा असे आम्ही म्हणू. पण धडधाकट, कमावत्या मुलांसाठी आई-वडिलांनी आपली पुंजी न शिवता ठेवावी, असे कोणताच कायदा सांगत नाही. उलट २००७ चा कायदा मुलांवर आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी टाकतो. ज्यांना शिकवले, उभे केले, परदेशी धाडले, त्यांनी म्हाताऱ्याच्या बँकेच्या पुस्तकात डोकावणे हे आम्हाला मोटारीपेक्षा अधिक अशोभनीय वाटते.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि आम्ही तो टाळणार नाही. जगात उपाशी माणसे असताना ही चैन का? पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली सेमिनरीतील विद्यार्थी आणि नवशिक्यांपुढे बोलताना, धर्मगुरू किंवा सिस्टर अगदी नव्या मॉडेलच्या मोटारीत दिसल्या की मनाला लागते, असे सांगितले होते. २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनी कंपनीने त्यांना हुराकान ही गाडी भेट दिली, तेव्हा त्यांनी तिच्यावर सही केली आणि तिचा लिलाव करून पैसे गरजूंसाठी द्यायला लावले. इराकमधील उद्ध्वस्त ख्रिस्ती गावांची उभारणी हा त्यातला एक हेतू होता. या उदाहरणापुढे आम्ही मान लववतो. परंतु ज्यांनी अपरिग्रहाचे व्रत घेतले त्यांना दिलेला तो उपदेश फक्त शेजारच्या म्हाताऱ्यावर फेकून मारणाऱ्यांना आमचा एक प्रश्न आहे. हीच फूटपट्टी तुम्ही स्वतःच्या फ्लॅटला, मुलीच्या लग्नाला, परदेशच्या सहलीला लावली आहे काय? लावली असेल तर तुमचा आक्षेप आम्हाला मान्य आहे. नसेल, तर गरिबांचे नाव घेऊन तुम्ही फक्त दुसऱ्याच्या आनंदावर कर बसवीत आहात. आमच्या मते नियम सर्वांना एकच असावा: आधी देणी फेडावीत, घरी राबणाऱ्या माणसाला पुरता पगार द्यावा, आजारपणाची तरतूद करावी, दानाचा वाटा बाजूला काढावा; त्यानंतर जे उरते त्यावर मन रमवावे. ज्याच्या मोलकरणीचा पगार थकला आहे, त्याने सायकलदेखील नवी घेऊ नये.

उरला धोक्याचा प्रश्न. येथे आमचे विरोधक खऱ्या जमिनीवर उभे आहेत. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. समोरून येणाऱ्या दिव्यांनी दिपलेली नजर सावरायला वेळ लागतो. मान पुरती वळत नाही. ताशी ६० किलोमीटरऐवजी १२० ने जाणाऱ्या गाडीत आदळण्याची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट असते. आणि म्हातारे हाड त्या आघाताला लवकर हार जाते. आपल्याकडे पंचावन्नीनंतर वाहन परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. हा दाखला पुष्कळदा सहीपुरता उरतो. ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि तिचा दोष मागणाऱ्याचा तितकाच देणाऱ्याचा. व्हॅटिकनने २००७ च्या जून महिन्यात वाहनचालकांसाठी दहा नियमांचा समावेश असलेली मार्गदर्शिका काढली. तीत मोटार हे सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये असे बजावले आहे. आणि जे चालवण्याच्या स्थितीत नाहीत, मग ते तरुण असोत वा नसोत, त्यांची प्रेमाने समजूत घालावी, असेही सांगितले आहे. प्रेमाने, हे महत्त्वाचे. टिंगल करून नव्हे.

म्हणून आता आमचा रोख गाडी घेणाऱ्याकडे. अहो, हौस तुमची आहे, रस्ता सर्वांचा आहे. तीन सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेणारी पोर्शे ९११ टर्बो एस किंवा त्याच्या जवळ जाणारी, २०२५ च्या जुलैमध्ये सुमारे ७५ लाखांना भारतात आलेली विजेची एमजी सायबरस्टर ही पायाला फार लवकर प्रतिसाद देणारी यंत्रे आहेत. म्हाताऱ्या पायाला दुबळे इंजिन अधिक सुख देते, कारण ते पुरते वापरता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मर्यादा १०० ची आणि समृद्धी महामार्गावर १२० ची आहे. त्यापलीकडची शक्ती विकत घेऊन ठेवायची कोठे? नवी गाडी घ्या हे बरेच, कारण घसरणारे चाक सावरणारी यंत्रणा आणि एअरबॅग जुन्या देखण्या गाडीत मिळत नाहीत. आणि घेण्यापूर्वी गुडघ्यांना विचारा. या गाडीत माणूस बसत नाही, उतरतो. आणि बाहेर येताना चढतो. आपले गतिरोधकही ध्यानात घ्या. प्रमाणित गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर, अशा गाडीचे पोट जमिनीपासून तेरा-चौदा सेंटिमीटरवर. आणि आपल्या गावातले गतिरोधक प्रमाण विचारून बांधलेले नसतात. पहाटे निघा, अंधारापूर्वी परता. चर्चच्या फाटकासमोर ती आडवी लावून लोकांना दाखवू नका. तेथे ती चालवण्याचा आनंद संपतो आणि मिरवणे सुरू होते.

वरील अटी ज्याने पाळल्या, त्याला ‘या वयात?’ असे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. गिअर नेमक्या क्षणी बदलणे, वळणाआधी वेग उतरवणे, रस्ता पुढून वाचत जाणे ही लक्ष एकवटायला लावणारी कला आहे. आणि म्हातारपणी माणूस खचतो तो लक्ष घालावे असे काही न उरल्याने. आपण वृद्धांना औषधाच्या वेळा देतो, टीव्हीचा रिमोट देतो, आणि त्यालाच सेवा म्हणतो. त्यांच्या हातातून एक एक किल्ली काढून घेण्याची आपल्याला घाई असते: आधी तिजोरीची, मग घराची, मग गाडीची. किल्ली सोडण्याचा दिवस प्रत्येकाला येतो. तो डोळ्यांच्या डॉक्टरने सांगावा, आणि म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने किल्ली पुढे करावी. तो दिवस शेजाऱ्यांनी ठरवू नये, आणि वारसांनी तर मुळीच ठरवू नये.