दोन घासांचा आग्रह आणि तालुक्याची जबाबदारी

वऱ्हाडात आग्रहाशिवाय पंगत उठत नाही. घरात कॅन्सरचा शेवटच्या टप्प्यातला रुग्ण असला की हाच आग्रह त्याच्या खाटेपाशी येतो. "बाबा, दोन घास त खा ना," म्हणत लेक ताट धरून उभी राहते, बाबा तोंड फिरवतात. खात नाहीत म्हणून खंगत चाललेत, असं घराला वाटतं. खरं तर पसरलेला कॅन्सरच भूक मारतो आणि स्नायू झिजवतो. डॉक्टर याला कॅकेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरणं ही त्याची एक खूण, असं २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलं. नुसतं खाणं वाढवून ही झीज पूर्ण भरून येत नाही, हेही त्यांनी नोंदवलं.

पण करण्यासारखं बरंच असतं, आणि ते अकोला जिल्ह्यातल्या पातूरच्या घरातही करता येतं. तोंडात पांढरा थर धरला असेल तर ती बुरशी असू शकते, औषधाने ती जाते. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, त्यासाठी जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासूनच द्यावं लागतं. मळमळ थांबली, दुखणं आटोक्यात आलं, तर माणूस आपणहून वाटीकडे हात नेतो. पुद्दुचेरीच्या जिपमेर रुग्णालयात केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णांना रोज अडीच मिलिग्रॅम ओलान्झापिन देऊन पाहिलं गेलं. त्यांची भूक आणि वजन दोन्ही वाढल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालं. हे औषध महागडं नाही, मात्र ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा आहे, त्यामुळे तोंडाचा कॅन्सरही आहे. तोंड सोललेल्या माणसापुढे ठेचा-भाकर ठेवता येत नाही. त्याला ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या ताकात कालवून, मुगाचं घट्ट वरण तूप घालून, बिनतिखट आणि कोमट द्यावं लागतं. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. नाकातून अन्नाची नळी असेल तर डोकं उशीने उंच करायचं, गाळलेलं पातळ अन्न सिरिंजमधून सावकाश सोडायचं आणि शेवटी स्वच्छ पाणी सोडून नळी धुवायची. पाणी सोडायचं राहिलं की नळी तुंबते आणि तेवढ्यासाठी रुग्णाला तीस-पस्तीस किलोमीटरवर अकोल्याला न्यावं लागतं. हे एकदा कुणी हात धरून शिकवलं, तर घरची माणसं ते नीट करतात.

अगदी शेवटच्या दिवसांत मात्र आग्रह सोडायला हवा. गिळता न येणाऱ्याच्या तोंडात घास कोंबला तर तो श्वासनलिकेत जातो. "निदान सलाइन तरी लावा" ही मागणी समजण्यासारखी आहे. पण अमेरिकेत हॉस्पिसमधल्या, म्हणजे अखेरच्या दिवसांतली सेवा घेणाऱ्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज एक लिटर सलाइन आणि नावापुरतं १०० मिलिलिटर यांत त्रासाचाही फरक दिसला नाही, आयुष्याचाही नाही. अशा वेळी ओल्या कापसाने ओठ भिजवणं, तोंड स्वच्छ ठेवणं, जवळ बसून राहणं हीच सेवा. जेवण बंद झालं म्हणून सुनेला किंवा बायकोला बोल लावणाऱ्या नातेवाइकांना हे डॉक्टरांनीच समजावून सांगायला हवं.

मग सरकारचं काम काय? क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार रुपये मिळतात. उपचारासोबत ताटही सरकारची जबाबदारी आहे, हे तिथे मान्य झालं आहे. कॅन्सरग्रस्ताला संजय गांधी निराधार योजनेत जागा आहे, महिना दीड हजार रुपये. पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजारांची! रोजमजुरी करणारं घरसुद्धा त्यात बसणं कठीण. शिवाय दाखले जुळवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ या रुग्णाच्या हाती नसतो.

महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे अशा रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं धोरण २०१२ सालीच आणलं. आता ते पातूर तालुक्यातल्या आलेगाव, सस्ती, चान्नीसारख्या गावांतल्या घरांपर्यंत पोचायला हवं. प्रगत कॅन्सरच्या रुग्णासाठी डॉक्टरांच्या एका दाखल्यावर पंधरा दिवसांत अनुदान सुरू व्हावं, उत्पन्नाची अट शिथिल व्हावी. तालुक्यातल्या आशाताईंना आणि परिचारिकांना नळीची निगा, तोंडाची निगा आणि वजनाची नोंद शिकवावी. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांच्यासाठी एक फोन ठरवून द्यावा, म्हणजे रात्री नळी निघाली तर काय करायचं हे विचारायला माणूस असेल. सुरुवात पातूर तालुक्यापासून करता येईल.