मोठे टायर बसवताय? मग गिअरचा हिशेब आधी करा



गाळप हंगाम जवळ आला की आमच्या ऊसपट्ट्यात टायरच्या दुकानात गर्दी सुरू होते. 50-55 एचपीच्या ट्रॅक्टरचे मागचे 13.6-28 काढायचे, रिमसकट बदलायचे आणि 16.9-28 चढवायचे. का म्हणून विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. ट्रॅक्टर उंच दिसतो, रस्त्याला पळतो आणि ओल्या फडातनं भरलेली ट्रॉली ओढून काढतो. पहिलं उत्तर हौसेचं आहे, हौसेला मोल नसतं, त्यावर मी काय बोलणार. दुसरं खरं आहे, पण त्याची किंमत कोण सांगत नाही. तिसरं अर्धं खरं आहे.

माझं मत सरळ सांगतो. ट्रॅक्टरला ठरल्यापेक्षा मोठा टायर बसवणं म्हणजे नुसता टायर बदलणं नव्हे, तुम्ही सगळ्या ट्रॅक्टरचा गिअर बदललाय. आणि डबल ट्रॉलीच्या ऊस वाहतुकीसाठी तर हा बदल करूच नये.

आता हिशेब बघा. टेप आणि खडू घेऊन मोजलेलं आहे. 13.6-28 टायर एका फेरीत साधारण 3 मीटर 90 सेंटिमीटर जातो. 16.9-28 जातो 4 मीटर 28. म्हणजे जवळजवळ 10 टक्के जास्त. इंजिन तेच, गिअर तोच, ॲक्सल तेवढाच फिरतो, पण ट्रॅक्टर 10 टक्के पुढं जातो. टॉप गिअरला 30 किलोमीटरनं पळणारा ट्रॅक्टर 33 नं पळायला लागतो. ड्रायव्हर खूश. पण ही चाल फुकट येत नाही. जेवढी चाल वाढली तेवढी त्या गिअरमधली ओढ कमी झाली. लांब दांड्याची टिकाव उचलायला जड जाते तसंच हे, चाकाची त्रिज्या म्हणजे दांडाच की.

यावर लगेच उत्तर येतं, "मग एक गिअर खाली टाकायचा, हाय काय त्यात?" बरोबर आहे, इंजिनाला त्यानं आराम मिळतो. पण गिअरबॉक्सच्या पुढं क्राऊन-पिनियन आहे, त्याच्या पुढं बुल गिअर आहे. ट्रॉली ओढायला जेवढा जोर लागतो तो गुणिले चाकाची त्रिज्या, एवढा पीळ ॲक्सलवर येणारच. तुम्ही पहिल्या गिअरला असा नाहीतर चौथ्या. टायर 10 टक्क्यांनी मोठा झाला की तीच ट्रॉली ओढताना ॲक्सलवरचा आणि बुल गिअरवरचा पीळ 10 टक्क्यांनी वाढला. वरनं टायर रुंद, पकड जास्त. आधी जिथं चाक घसरून गिअर वाचायचा तिथं आता चाक घसरत नाही, सगळा दणका आत जातो. मेकॅनिक म्हणतो मटेरियल हलकं आलंय. दरवेळी मटेरियलचा दोष नसतो.

ही अडचण आपल्याच ट्रॅक्टरची आहे असं नाही. जुनी विलिस जीप आठवते का, खेडोपाडी फिरायची ती? दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या ॲक्सलमध्ये पिनियनला 8 दात आणि क्राऊनला 39 दात होते. भागाकार केला तर 4.88 येतो. युद्ध संपल्यावर 1945 मध्ये त्याच कंपनीनं नागरी जीप काढली, सीजे-2ए. ती शेतकऱ्यांपुढं ठेवली, नांगर ओढायला, मागं पीटीओ लावायला. तेव्हा त्यांनी क्राऊनला 43 दात केले, पिनियनला 8 च ठेवले. 5.38 झाला. टायर मात्र तोच 6.00-16. म्हणजे शेतात ओढायचं काम द्यायचं ठरल्यावर कंपनीनं टायर मोठा केला नाही, क्राऊन बदलला. आणि पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलचा बदलला.

जीप उंच करून मोठे टायर घालणारे लोक आजही हाच हिशेब करतात. जुना रेशो गुणिले नवा टायर भागिले जुना टायर. 4.88 च्या जीपला 10 टक्के मोठा टायर घातला तर 4.88 गुणिले 1.10 म्हणजे 5.37. नेमका तो 43-8 चा जोड बसतो. टायर मोठा, पण ओढ पहिल्यासारखी. त्यांच्यासाठी वेगवेगळ्या दातांचे क्राऊन-पिनियन तयार मिळतात. आपल्या ट्रॅक्टरला तशी निवड सहसा नसते. काही मॉडेलला कंपनी दोन जोड देते, पण बहुतेकांना एकच. आणि गावाकडं जो दुसरा जोड बसवून मिळतो तो बहुधा उलट्या दिशेचा, अजून पळायचा. मोठा टायर आणि वर हायस्पीड क्राऊन हे दोन्ही एकाच ट्रॅक्टरला म्हणजे ओढ दोन्हीकडनं कापली.

फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावं. तुमच्या ट्रॅक्टरची पुढची आणि मागची चाकं आतनं गिअरनं बांधलेली असतात. कंपनी मुद्दाम पुढची चाकं थोडी जास्त फिरतील असं ठेवते, साधारण 1 ते 5 टक्के, म्हणजे पुढची चाकं ओढत राहतात. याला लीड म्हणतात. घरी मोजता येतं. मातीच्या सपाट रानात, सिमेंटवर नाही, फोर व्हील सोडून ट्रॅक्टर सरळ चालवा. मागचं चाक 10 फेऱ्या फिरेपर्यंत पुढचं किती फिरतं ते मोजा. मग फोर व्हील टाकून तेच परत. समजा सोडून 15.5 फेऱ्या आल्या आणि टाकून 16. अर्धी फेरी जास्त, म्हणजे लीड 3 टक्क्यांच्या वर. झकास.

आता मागं 16.9 बसवा आणि पुढचे टायर तेच ठेवा. मागच्या 10 फेऱ्यांत ट्रॅक्टर जास्त अंतर गेला, तेवढ्या अंतराला पुढच्या चाकाला 17 फेऱ्या लागतात. पण गिअर देतो 16 च. म्हणजे पुढची चाकं ओढायची सोडून ब्रेक लावत चाललीत. मागचा ॲक्सल पुढच्याला ढकलतोय, पुढचा मागच्याला अडवतोय आणि मधला शाफ्ट पिळवटतोय. डिझेल जातं, पुढचे टायर झिजतात, क्रॉस तुटतात. घासलेले पुढचे टायर बदलायचा कंटाळा केला तरी हेच होतं, फक्त हळूहळू. मोठे टायर घालायचेच असतील तर पुढचे-मागचे सारख्याच टक्क्यानं मोठे झाले पाहिजेत. पुढं जागा बसते का, स्टिअरिंग पूर्ण वळल्यावर घासतो का, ते आधी बघा. नाही बसत तर मागचेही बदलू नका.

ओल्या फडाचं तिसरं उत्तर अर्धं खरं म्हटलं, त्याचं कारण असं. ट्रॉली अडकल्यावर एकच बघायचं, चाक जागेवर फिरतंय की इंजिन बसतंय? चाक फिरत असेल तर ताकद आहे, पकड नाही. तिथं मोठा रुंद टायर खरंच उपयोगी. पण इंजिन बसत असेल, धूर काढून बंद पडत असेल, तर मोठ्या टायरनं ते अजून लवकर बंद पडेल. आधी हे ओळखा, मग दुकानात जा. नुसती पकडच हवी असेल तर चाकात पाणी भरणं आणि वजनं लावणं त्याच टायरवर होतं, गिअरला धक्का न लावता. आणि एक, 16.9 टायर म्हणजे 43 सेंटिमीटर रुंद. चार-साडेचार फुटी सरीत भर लावायला घातला तर वरंबा दाबणार.

कृषी सहायक आणि कंपनीची सल्लागार मंडळीही इथं वाचतात, त्यांना एक विनंती. रोटाव्हेटर लो-दोनला चालवा, फवारणी अमुक गिअरला करा, असं सांगू नका. गिअरचं नाव टायरगणिक वेगळी चाल देतं. पीटीओ इंजिनावर फिरतो, त्याला टायरशी देणंघेणं नाही. टायर मोठा केला की रोटाव्हेटरचं पातं तेवढंच फिरतं पण ट्रॅक्टर पुढं सरकतो, ढेकूळ मोठं राहतं. बूम फवारणीचं तर विचारूच नका. एकरी 200 लिटर बसवलेला पंप त्याच गिअरला, त्याच आरपीएमला 182 लिटरच टाकतो. तणनाशक कमी पडलं, तण राहिलं, आणि मग औषध बनावट म्हणून दुकानदाराशी भांडण. चाल तासाला किती किलोमीटर ते सांगा. 50 मीटर मोजून घड्याळ लावणं कुठल्याही शेतकऱ्याला जमतं.

आता ज्याच्यामुळं हे लिहायला बसलो ते. ब्रेक.

बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक क्राऊनच्या पुढं, बुल गिअरच्या आधीच्या शाफ्टवर असतात. पायानं जेवढा दाब द्याल तेवढाच ते त्या शाफ्टला धरतात. चाक मोठं झालं की जमिनीवर तोच ब्रेक साधारण 9 टक्के कमी लागतो. एखाद्यानं हिशेब करून क्राऊन-पिनियन बदललं तरी ओढ परत येईल, ब्रेक परत येत नाही, कारण ब्रेक क्राऊनच्या पुढं आहे. तिकडं चाल 10 टक्के वाढलेली. चाल 10 टक्के वाढली की थांबवायचा जोर 21 टक्के वाढतो, तो वर्गात वाढतो. मागं दोन ट्रॉल्या, उसानं गच्च भरलेल्या, आणि ट्रॉलीला ब्रेक नसतोच आपल्याकडं. सगळा भार त्या दोन पेडलवर. वरनं मागचा ॲक्सल अडीच इंच वर गेला, त्याबरोबर हूकही वर गेला. चढाला पुढची चाकं उचलतात ती उगाच नाही. हूक तेवढा खाली घेणारा मला अजून एकही भेटला नाही.

रात्री खेप घेऊन कारखान्याच्या गव्हाणीकडं जाणारं पोरगं वीस-बावीस वर्षांचं असतं. त्याला मालकानं टायर मोठा दिला, त्याचं कौतुकच वाटतं. उतारावर न्यूट्रल करून सोडायची खोड त्याला आधीचीच. मालकानं खेप वाढावी म्हणून तीन किलोमीटरची चाल विकत घेतली. पण खेपा त्यानं वाढत नाहीत हो. गव्हाणीपुढच्या रांगेत सहा-सहा तास उभं राहायचंय, तिथं मोठा टायर काय करणार?

ज्यांना खरंच मोठा टायर लागतो, त्यांनी तो कंपनीकडनंच आलेला ट्रॅक्टर घ्यावा, त्याचा क्राऊन, ब्रेक, पुढचा ॲक्सल त्याच हिशेबानं केलेला असतो. घेताना डीलरला एचपी आणि मायलेज विचारून झालं की टायरचा एका फेरीचा घेर, क्राऊन-पिनियनचे दात आणि फोर व्हीलचा लीड विचारा. माहीत नसेल तर सर्व्हिस मॅन्युअल काढायला लावा. ज्यांनी आधीच बसवलेत त्यांनी निदान रस्त्यावर फोर व्हील सोडून ठेवावा, हूक खाली घ्यावा, दोन्ही ब्रेक पेडलला जोडणारी पट्टी लावावी आणि डबल ट्रॉली त्या ट्रॅक्टरला देऊ नये.

आपापल्या ट्रॅक्टरचं मॉडेल, टायर आणि 10 फेऱ्यांचं मोजमाप खाली लिहा. ट्रॅक्टरवर माणूस बसलेला आणि हवा बरोबर असताना मोजा, रिकाम्या हवेचं नको. जमतील तेवढ्यांचा लीड काढून पुढच्या आठवड्यात टाकतो.