नोंद कोणासाठी?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल संच प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले, तेव्हा शहरी सुशिक्षित वर्गातील अनेकांनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला. खेड्यातील अल्पशिक्षित बायकांना नवे तंत्र नको आहे, कामाचा हिशेब देण्याची त्यांची तयारी नाही, असा तो अर्थ होता. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. २०१९ मध्ये मिळालेल्या त्या संचांची स्मृतिक्षमता इतकी तोकडी होती की केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये आणलेले ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप त्यांत धड चालत नव्हते. संच तापत, बंद पडत, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या तुटपुंज्या मानधनातून जाई. शिवाय ॲपची भाषा इंग्रजी होती. कामाला नकार देण्यासाठी नव्हे, तर काम नीट करता यावे म्हणून ही हत्यारे परत करण्यात आली. पुढे त्या ॲपमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषा आल्या. ज्या दुरुस्तीसाठी कष्टकरी स्त्रियांना न्यायालयापर्यंत जावे लागले आणि आंदोलन करावे लागले, ती दुरुस्ती आरंभीच का सुचू नये, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर तांत्रिक नाही. कोणतेही अवजार घडवताना ते कोणाच्या हातासाठी घडवायचे, हा निर्णय आधी झालेला असतो. आरोग्याची नोंद ठेवणारे साधन आजाऱ्याजवळ बसलेल्या माणसासाठी असू शकते, तसेच दूर कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्यासाठीही असू शकते. दोन्ही साधनांवर तेच आकडे दिसतील. पण एकात तो आकडा बाळाच्या उपयोगी पडतो, दुसऱ्यात तो केवळ वर चढत जातो.

पहिल्या प्रकारच्या साधनाचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी बालकांतील न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक साधे श्वासमापक तयार केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या जोडीला मण्यांच्या ओळी, एवढीच त्याची रचना. श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे साठ आणि त्याहून मोठ्या बाळाचे पन्नास श्वास ही धोक्याची मर्यादा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत हात पोचला, तर बाळ धोक्यात आहे. ज्या सुईणीला दहाच्या पुढे मोजता येत नाही, तिलाही हे निदान करता येते. तिची निरक्षरता हा साधनाच्या वाटेतील अडथळा न मानता साधनाच्या रचनेची पहिली अट मानली गेली, हे या प्रयोगाचे मोठेपण आहे. याच संशोधकांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ३९ गावांत नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. अर्थात हे श्रेय एकट्या मण्यांचे नव्हे. माणूस, ज्ञान, औषध आणि साधन एकाच उंबरठ्यावर आणल्याचे ते फळ होते.

दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी हे असेच दुसरे साधन. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टीवर लाल रंग येतो आणि ते तीव्र कुपोषित ठरते. आकडा वाचता न येणाऱ्या आईलाही लाल रंग कळतो. तिला जे कळते ते कचेरीला कळण्यापूर्वी कळते, आणि जीव वाचवायचा असेल तर क्रम हाच असला पाहिजे.

याउलट आजची डिजिटल व्यवस्था पाहावी. सेविका बालकाचे वजन करते, उंची मोजते, ती फोनमध्ये भरते आणि तो आकडा दिल्लीच्या फलकावर जातो. बालक तीव्र कुपोषित आहे हे ॲप तिला सांगते खरे. परंतु वाहन कोठून आणायचे, पोषण पुनर्वसन केंद्रात जागा आहे काय, आईची बुडणारी मजुरी कोण देणार, यांविषयी ते मौन पाळते. माहिती वर जाते. मदत त्याच वेगाने खाली येत नाही. १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या शिध्यासाठी लाभार्थीची चेहरा-ओळख सक्तीची करण्यात आली. चोरी थांबली पाहिजे याबद्दल दुमत नाही. पण नेटवर्क नसलेल्या पाड्यावर, आधारवरील जुन्या छायाचित्राशी न जुळणाऱ्या चेहऱ्यामुळे एखाद्या गर्भवतीचा शिधा अडला, तर ती शिक्षा कोणत्या चोराला झाली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के आढळल्या. उरलेल्यांचा फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, आणि तो खिसा दिवसभर कामावर गेलेला असतो. फोनवर येणाऱ्या आकड्यावर शिधा अवलंबून ठेवणाऱ्याला हे घर ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ.

येथे अर्थशास्त्रातील एका प्राथमिक धड्याची आठवण व्हावी. ज्या वस्तूची किंमत शून्य धरली जाते तिची उधळपट्टी होते. सेविकेचा आणि आशा कार्यकर्तीचा वेळ शासनाच्या हिशेबात असा शून्य किमतीचा आहे. तिला वेतन नाही, मानधन आहे. ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. म्हणून तीच माहिती नोंदवहीत लिहा, फोनमध्ये भरा, वरून विचारणा आली की पुन्हा कळवा, असे हुकूम काढताना कोणाचाही हात आखडत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये सेविकेच्या मानधनातील आपला आधार ३,००० वरून ४,५०० रुपये केला. तिच्या एका तासाला कामगाराच्या तासाचे मोल द्यावे लागले असते, तर हे दुहेरी लेखन केव्हाच बंद झाले असते. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यानुसार उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. ‘स्वयंसेवा’ या शब्दाचा आडोसा त्याने बराच दूर केला आहे.

घरात आजाऱ्याची सेवा करणाऱ्या स्त्रीची गोष्ट निराळी नाही. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ९७. रक्तदाबाचे यंत्र, साखरेचे यंत्र, त्यांच्याशी जोडलेली ॲपे यांची बाजारपेठ याच न मोजलेल्या श्रमावर उभी आहे. आणि त्या साधनांच्या अचूकतेलाही वर्गाचा व वर्णाचा संबंध असतो. करोनाकाळात घरोघरी पोचलेल्या बोटावरच्या प्राणवायूमापकाबद्दल डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, रक्तातील प्राणवायू घातक पातळीला उतरला असूनही यंत्राने तो पुरेसा दाखवण्याचा प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत सुमारे तिप्पट होता. यंत्र कोणाच्या बोटावर तपासले, यावर ते कोणाला वाचवणार हे ठरते.

यावरून कोणी जुन्या नोंदवह्यांचे गोडवे गाऊ नयेत. अंगणवाडीत अकरा नोंदवह्या होत्या, आणि वरिष्ठांना खूश करणारे आकडे त्यांतही भरले जात. वजनावरून वाढीचा आलेख आपोआप निघणे ही खरी सुटका आहे. ती नाकारणे शहाणपणाचे नव्हे. समाजवादी विचाराने यंत्राला कधीच सरसकट विरोध केलेला नाही. १९२९ मध्ये गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नसावी आणि एका स्त्रीला फारसे श्रम न पडता सलग आठ तास चालवता यावा, अशा अटी घातल्या. स्त्रीचा थकवा ही तेथे यंत्राची कसोटी होती. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात मांडलेल्या लहान यंत्राच्या विचाराचा गाभाही, यंत्र माणसाच्या ताब्यात राहावे, हाच होता.

असे यंत्र कसे घडेल याचा धडा नॉर्वेच्या कामगारांनी घालून दिला आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टन न्यूगार्ड या संगणकतज्ज्ञाला सोबत घेऊन कारखान्यात येणाऱ्या संगणकांचा स्वतः अभ्यास केला. १९७५ मध्ये कामगार महासंघ व मालकसंघ यांच्यात करार होऊन नव्या यंत्रणेची माहिती मिळण्याचा आणि त्यासाठी आपला प्रतिनिधी निवडण्याचा हक्क कामगारांना मिळाला. यंत्र आल्यावर तक्रार करण्याऐवजी, यंत्र येण्यापूर्वी बोलण्याचा हा हक्क होता.

महाराष्ट्रातील मागणी याच दिशेने गेली पाहिजे. आरोग्यनोंदीचे कोणतेही ॲप राज्यभर लागू होण्यापूर्वी मेळघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या डोंगरात, नेटवर्कविना, सेविका आणि आशा यांच्या हातून तपासले जावे. त्या समितीत त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी असावेत. एक माहिती एकदाच लिहिली जावी. फोन, डेटा, दुरुस्ती आणि वेळ यांचा खर्च शासनाने उचलावा. आईच्या हातात तिच्या भाषेतील कागद राहावा, आणि तिच्या शरीराची माहिती कोणाकडे जाते हे तिला विचारून ठरावे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. त्याचा उपयोग केवळ शहरी ग्राहकापुरता राहू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्र चुकले तर शिधा अडू नये. चुकीचा भार यंत्र आणणाऱ्याने सोसावा, भुकेल्याने नव्हे.

कार्यकर्त्यांनी यासाठी मोठ्या सभेची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावच्या अंगणवाडीत सेविकेच्या संमतीने एक संपूर्ण सकाळ बसावे. बालकांसाठी किती मिनिटे गेली आणि फोनसाठी किती, हे घड्याळ लावून लिहावे. अशा शंभर गावांच्या नोंदी एकत्र आल्या, तर शासनाच्या फलकावर नसलेला एक आकडा प्रथमच उजेडात येईल. आजवर सेविकेने सरकारसाठी नोंदी ठेवल्या. आता चळवळीने तिच्यासाठी एक नोंद ठेवावी.